मालनबाईंनी धरलेली चूक

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. जाड कापडावर काळ्या रंगाचे तीन हात देऊन मला तयार केले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या सावळाराम आप्पांनी १९९७ साली मला दौंडच्या बाजारातून आणले आणि वस्तीतल्या विहारात खिळ्याला टांगले. दहावी राहून गेलेल्या बायकांना ते तिथे संध्याकाळी शिकवत.

त्यांच्यात मालनबाई होत्या. वय चौतीस, अंगणवाडीत मदतनीस. सेविका व्हायचे तर दहावी हवी होती आणि गणितात त्या दोनदा नापास झाल्या होत्या. वर्गत्रिपदीचे अवयव पाडायचे म्हटले की त्यांचा हात थांबे. "गुणाकार जुळला तर बेरीज जुळत न्हाई बगा," त्या म्हणत. तरी रोज माझ्यावर दहा उदाहरणे मांडत, चुकलेली पुसत, पुन्हा मांडत. माझा रंग त्यांच्याच हातून झिजला, याचा मला अभिमान आहे.

परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. आप्पांनी x² + x − १२ लिहिले आणि खाली त्याचे अवयव: (x + ३)(x − ४). सगळ्याजणी भराभर उतरवू लागल्या. मालनबाई मात्र वहीत दोन्ही कंस गुणत बसल्या. मग हळूच उठल्या.

"आप्पा, रागावू नका. मधलं पद वजा येतंय."

आप्पांना आजवर कोणी अडवले नव्हते. आप्पांनी चष्मा पुसला, कंस पुन्हा गुणले आणि खडू मालनबाईंपुढे धरला.

"चुकलं माझं. या, तुम्ही मांडा."

मालनबाई पुटपुटल्या, "गुणाकार वजा बारा, म्हंजी एक संख्या अधिक, एक वजा. बेरीज अधिक एक पायजे, म्हंजी मोठी ती अधिक." त्यांनी लिहिले: (x + ४)(x − ३). कोणी न सांगता गुणून ताळाही केला.

"व्हय, बरोबर हाय!" आप्पा म्हणाले. "आता मला तुमची काळजी न्हाई."

जूनमध्ये मालनबाई पास झाल्या. सेविका झाल्यावर संध्याकाळचा वर्ग त्याच घेऊ लागल्या. पुढे विहारात पांढरा फळा आला. मी कपाटामागे पडलो. कोणीतरी माझी घडी घातली, तिची भेग अजून अंगावर आहे.

मित्रांनो, गुंडाळी फळ्याची घडी घालू नका. आणि फळ्यापुढे कोणी अडखळत उभे असेल, तर मागून उत्तर ओरडू नका. थोडे थांबा, त्याचे त्याला सापडू द्या.