परका बोल्ट

मी तळेगावच्या नानाजींची रायफल. खुंटीवर गप्प राहणं हाच माझा स्वभाव. पण छप्पन सालच्या दसऱ्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून बोलते.

कारखान्यात माझी नळी तयार झाली तेव्हा कारागिराने एकामागून एक बोल्ट बसवून पाहिले आणि त्यातला एक माझ्यासाठी ठरवला. दोघांवर एकच आकडा कोरला. काडतूस आत गेलं की बोल्टने त्याची पाठ घट्ट धरायची. मागे केसभर जास्त फट राहिली, तरी बार होताना काडतुसाचं पितळ फाटतं आणि आग उलटी, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येते. आमचा जोड घट्ट होता. बोल्टची दांडी खाली करताना नानाजींना शेवटी तळहाताचा थोडा जोर द्यावा लागे.

रानडुकरांपासून पीक राखायला त्यांनी मला घेतलं. ते मला पुसत, तेव्हा त्यांच्या पत्नी विमलाबाई समोर तेलाची वाटी धरून बसत. फार बोलणं नसे. भाद्रपदात नानाजी तापाने गेले.

दसऱ्याला गावातल्या महादेवरावांच्या ओसरीवर हत्यारं पूजेला मांडायची रीत. पोरं हात लावतात म्हणून बोल्ट काढून वेगळ्या पाटावर ठेवतात. त्यांची रायफल आणि मी, दोघी एकाच घडणीच्या. बोल्टांनाही हळदकुंकू लागलं, आकडे झाकले गेले. सोनं वाटून झाल्यावर नानाजींचे धाकटे भाऊ चंद्रभान यांनी एक बोल्ट उचलून माझ्यात सरकवला. तो इतका सहज बसला, की मी घाबरले. तो माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वावरात बार काढला. त्यांचा गाल भाजला. रिकामं काडतूस बुडाशी तडकलेलं निघालं.

विमलाबाईंनी ते निरखून पाहिलं. मग माझी दांडी उचलून सोडली. ती आपोआप खाली पडली.

"भाऊजी, हा बोल्ट आपला नाई. यांच्या हाताले जोर लागे."

"बारूद खराब असन, वहिनी. दादाची वस्तू मी वापरली म्हणून सलून राह्यलं का तुमाले?"

त्या मला उचलून थेट महादेवरावांकडे गेल्या.

"बरं झालं आल्या," महादेवराव म्हणाले. "मायी रायफल तर बंदच होत नव्हती. लोहाराकडून बोल्ट समोरून घासून घेतला. आता लोण्यावानी चालते."

घासला गेला तो माझा होता; आता माझ्यातही फट राहणार.

आकडे पाहून त्यांनी माझ्यातला आपला बोल्ट ठेवून घेतला आणि माझा परत दिला. विमलाबाईंनी तो पेटीत घालून कुलूप लावलं.

आज चंद्रभान दारात उभे आहेत. डुकरं हरभऱ्यात शिरली आहेत.

"वहिनी, किल्ली द्या. आता तर आपलाच बोल्ट आहे ना?"

"घासलेला आहे तो. अन् किल्ली भेटत नाई."

"शोधा ना. अख्खं वावर खाऊन राह्यले."

त्यांचंही खोटं नाही. पण तो बोल्ट माझ्यात अलगद जाईल, दांडी गुळगुळीत खाली येईल, आणि त्यांना वाटेल सगळं ठीक आहे. तेव्हा त्यांचा डोळा माझ्या पाठीशी असेल. चाप ओढल्यावर मला थांबता येत नाही.

विमलाबाई डबे हलवून पाहतात, फळी चाचपतात. किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत आहे. मला खुंटीवरून दिसते.

बाई, आणखी थोडा वेळ शोधत राहा.