वाऱ्याच्या तोंडची जागा

“कोच, आम्ही खेळाडू आहोत की कोट अडकवायच्या खुंट्या?”

हा प्रश्न एल्की ब्रॅमवेलने गुरुवारी संध्याकाळी, मुंगारीच्या क्लबघरात, अख्ख्या गावादेखत विचारला. आपण होऊन नव्हे हं. सरावानंतर बूट सोडता सोडता जुनो आणि पेटा या तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. विचारून दाखव, तुझ्यात दमच नाही, असं पेटा म्हणाली. आणि नेमकं त्याच दिवसांत एल्कीला आपल्यात दम आहे असं नव्यानंच वाटायला लागलं होतं. शाळेच्या वादविवादात ती पहिली आली होती, दातांवरची तार निघाली होती, आरशात बघितलं की स्वतःला टाळी द्यावीशी वाटत होती. अशा दिवसांत माणूस काहीही करून बसतं.

मुंगारीत दर गुरुवारी सराव संपला की क्लबघरात जेवण असतं. भोपळ्याचं सूप, कोंबडीचे तळलेले काप, लहान पोरांची पळापळ. जेवण चालू असतानाच शनिवारचे संघ मोठ्यानं वाचून दाखवतात. सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ कोच ड्युगन वाचायचे. मुंगारीच्या गव्हाच्या कोठारावर त्यांचा आवाज चालतो, तसाच इथंही. प्रत्येक नावाला टाळ्या पडायच्या आणि सगळ्यात शेवटी, लोक पुन्हा सुपाकडे वळल्यावर, तीन नावं यायची. राखीव: एल्की, जुनो, पेटा.

राखीव म्हणजे बाक. सामना सुरू व्हायच्या आधी ब्रॉन्टे आणि बाकीच्या थोरल्या मुली धावत यायच्या, अंगातले कोट काढून या तिघींच्या मांडीवर फेकायच्या आणि आत पळायच्या. मग या तिघी थंडीत बसून राहायच्या, दुसऱ्यांचे कोट सांभाळत. संघ भरपूर पुढे असेल तर शेवटची पाच मिनिटं त्यांना आत सोडायचे. चुरस असेल तर तेवढीही नाहीत. आणि यंदा जवळजवळ प्रत्येक सामन्यात चुरस होती.

तर प्रश्न विचारला गेला. ब्रॉन्टे फिस्सकन हसली. कोच ड्युगन यांची मान शर्टाच्या कॉलरपासून वरवर लाल होत गेली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. शनिवारी टारोलविरुद्ध एल्की फुलबॅक. पहिल्या मिनिटापासून.”

जुनोनं टेबलाखाली तिचा हात घट्ट दाबला. पण तो दाब अभिनंदनाचा नव्हता.

टारोलला हरवलं तरच मुंगारीच्या मुली बाद फेरीत जाणार होत्या. आणि फुलबॅक म्हणजे मैदानातली शेवटची मुलगी. बाकी कुणी चुकलं तर सावरायला मागे कुणीतरी असतं. फुलबॅकच्या मागे फक्त गोलाचे खांब असतात.

समोर बसलेल्या आईनं काट्यानं बटाटा इकडून तिकडे सरकवला. एल्कीची आई कार्ला बास्केटबॉलसारखा नेटबॉल खेळणारा क्लबचा संघ चालवायची. कधीपासून ती सांगत होती, कशाला त्या बाकावर गारठतेस, माझ्याकडे ये, माझ्याकडे प्रत्येक पोरगी खेळते. पुढच्या हंगामाची नावं द्यायची होती, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांग असं तिनं बजावलं होतं. एल्कीला मात्र लहानपणापासून हाच फुटबॉल हवा होता, तो हातानं झेलायचा, वेडावाकडा उसळणारा लंबगोल चेंडू हवा होता. त्या रात्री पहिल्यांदाच तिला वाटलं, आत्ताच आईला हो म्हणून टाकावं. मग शनिवार येणारच नाही.

शुक्रवारी तिला घास गिळवेना. गणिताच्या तासाला फळ्यावरची आकृतीसुद्धा आभाळातून खाली येणाऱ्या चेंडूसारखी दिसायला लागली. लागेल, पडू, हाड मोडेल, याची भीती नव्हती. पूर्वी तिनं झाडावरून पडून हात मोडून घेतला होता, त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. भीती होती ती दिसण्याची. बाकावरच्या मुलीला कुणी बघत नाही. फुलबॅककडे सगळं गाव बघतं.

आणि शनिवार आलाच. रात्रीचं दव गवतावर गोठलं होतं, ते दहा वाजेपर्यंत वितळलं, आणि मग उत्तरेकडून वारा सुटला. साधासुधा नाही, टोप्या उडवणारा. मैदानाभोवती गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या होत्या. आपल्या संघानं गोल केला की लोक गाडीत बसल्या बसल्या भोंगे वाजवतात. बाबांची जुनी गाडी एल्कीच्या खांबांच्या अगदी मागेच होती. मुद्दाम तिथं लावली होती त्यांनी, लेकीला धीर म्हणून. एल्कीनं मात्र मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं.

नाणेफेक मुंगारी हरली. टारोलनं वारा घेतला.

म्हणजे काय, तर चार डावांतला पहिला सगळा डाव चेंडू वाऱ्यावर स्वार होऊन एकाच टोकाकडे येत राहणार होता. एल्कीच्या. हे या मैदानावर शेंबड्या पोरालाही कळतं. कोच ड्युगन यांना कळलं नसेल का? त्यांनी संघाच्या मांडणीच्या फळ्याकडे बघितलं, एल्कीकडे बघितलं, आणि काहीच बदललं नाही.

पहिला चेंडू इतका उंच आला की तो खाली यायच्या आधी एल्कीला विचार करायला वेळ मिळाला. तेच वाईट झालं. हात वर करायचे आहेत हे तिला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले, कानात नुसतं घूं घूं व्हायला लागलं, आणि टारोलची एक दांडगी पोरगी तिच्या खांद्यावरून उडी मारून चेंडू घेऊन गेली. गोल. टारोलच्या गाड्यांचे भोंगे असे वाजले, जणू तिलाच शोधत आलेत. दुसरा चेंडू तिच्या बोटांना लागून निसटला. गोल. तिसऱ्या वेळी ती चेंडूपासून दूर पळाली. हो, पळाली! तिनं स्वतःच ते नंतर कबूल केलं. पुन्हा भोंगे.

बाकाकडून कोचचा हात हलला. बाहेर ये.

मैदान ओलांडून बाकापर्यंत जायला जन्म लागला. जुनोनं सरकून जागा करून दिली, पेटा तिच्याकडे बघेना. कोच खाली वाकून हळूच म्हणाले की संधी मागितली होतीस, मी दिली, आता कळलं ना? त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखा होता तो आवाज. आणि एल्कीला खरंच वाटलं, कळलं. आपण खेळाडू नाही.

मध्यंतर झालं तेव्हा ती कपडे बदलायच्या खोलीमागे, पावसाच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन ओकली. पोटात काही नव्हतं तरी ओकली. तोंड पुसून वर बघते तर समोर मिस हॅनाफोर्ड.

मिस हॅनाफोर्ड म्हणजे एल्कीच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. आणि टारोलच्या कोच. आमच्या इकडे असंच असतं. आठवडाभर ज्यांच्या वर्गात बसायचं, शनिवारी त्यांनाच हरवायचं. त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला आणि विचारलं की यंदा एकूण किती खेळलीस. एल्कीनं सांगितलं, आज खेळले तेवढंच मोजता येईल, बाकी शेवटची चार-दोन मिनिटं. मिसनी ओठ घट्ट मिटले. वर्गात कुणी कॉपी केली की त्या असंच करतात.

तेवढ्यात कोच ड्युगन एल्कीला शोधत तिकडे आले. समोरच्या संघाच्या कोच आपल्या खेळाडूशी बोलतायत हे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“काय हो, माझ्या पोरी पण आता तुम्हीच शिकवणार?”

“शिकवायला तुम्ही काही ठेवलंय का?” मिस म्हणाल्या. “सगळा हंगाम तिला बाकावर ठेवलीत. आज एकदम वाऱ्याच्या तोंडी उभी केलीत आणि तीन चेंडूंत बाहेर काढलीत. याला संधी म्हणत नाहीत, ड्युगन. तिला जमत नाही हे गावाला दाखवून दिलंत तुम्ही.”

“आम्हाला आज जिंकायलाच हवं. तुम्हाला माहिताय. गाव माझ्या डोक्यावर बसलंय.”

“मला माहिताय. मी पूर्वी विलोबीला होते. आमचा थोरल्या मुलींचा संघ लागोपाठ करंडक आणायचा. धाकट्या बाकावर बसायच्या. एकेक करून त्या निघून गेल्या, कुणाला पत्ताही लागला नाही. मग थोरल्या शिकायला शहरात गेल्या. पुढच्या वर्षी मैदानात उतरवायला पोरीच नव्हत्या. आज विलोबीच्या मैदानावर मेंढ्या चरतात.”

कोच ठिबकणाऱ्या टाकीचा नळ घट्ट आवळायला लागले. 

मिसनी आवाज उतरवला. “बाकावर बसलेल्या पोरीला खेळ येत नाही, तिला फक्त भीती येते. दर शनिवारी थोडी जास्त. तिला सुधारायला वेळ द्या. चुकली तरी आत राहू द्या.”

“आणि हरलो तर?”

“तर हराल. मी तर जिंकायलाच आलेय.”

एल्की या दोघांच्या मधे उभी होती आणि तिला पळून जावंसं वाटत होतं. मिस आपल्या बाजूनं बोलतायत हे कळत होतं, पण त्याचा अर्थ पुन्हा आत जाणं असा होता, आणि पुन्हा आत जाण्यापेक्षा ती त्या टाकीत उतरली असती. तिनं कोचच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि तिला तिथं जे दिसलं त्यानं ती चकित झाली. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. शुक्रवारी आरशात तिनं तोच बघितला होता. कोच ड्युगन घाबरले होते!

इतका मोठा माणूस, कोठारावर ज्याच्या एका हाकेला मालमोटारी थांबतात, तो गावाच्या भोंग्यांना घाबरत होता. आणि ती भीती त्यांनी तीन पोरींच्या मांडीवर ठेवून दिली होती.

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग एल्कीला म्हणाले, “तू, जुनो आणि पेटा. तिघी आत. तू पुन्हा फुलबॅक. चुकलीस तरी काढणार नाही. सामना संपायच्या भोंग्यापर्यंत जागा तुझी.”

दर डावाला बाजू बदलतात, म्हणून तिसऱ्या डावात वारा पुन्हा टारोलचा. पहिला चेंडू हातातून सुटला, गोल झाला. तिनं लगेच बाकाकडे बघितलं. हात हलला नाही. दुसऱ्या वेळी ती चुकीच्या बाजूला धावली. पुन्हा बाकाकडे नजर. कोच हाताची घडी घालून उभे होते, ओठ पांढरे पडलेले, पण हात हलला नाही. कुठल्याशा गाडीतून कुणीतरी ओरडलं की त्या पोरीला काढा. हात तरीही हलला नाही.

मग एल्कीनं बाकाकडे बघणं सोडून दिलं. बघायला दुसरं काही उरलंच नाही, म्हणून चेंडूकडे बघितलं. तो आला, गिरक्या घेत, वाऱ्यात लटपटत, आणि ती वर उडाली. छातीवर धप्पकन बसला आणि हात आपोआप त्याच्याभोवती मिटले. श्वास अडकला. दांडगी पोरगी तिच्या अंगावर कोसळली, दोघी चिखलात, आणि चेंडू एल्कीकडे! मागून बाबांच्या गाडीचा भोंगा वाजला. गोल झाला नसताना भोंगा वाजवत नाहीत. बाबांनी वाजवला.

सामना मुंगारी हरली. थोडक्यात हरली, पण हरली. पेटानं एक गोल केला, जुनोच्या नाकाला लागलं आणि ती ते नाक सगळ्यांना दाखवत फिरत होती. पण बाद फेरी गेली ती गेलीच. क्लबघरात ब्रॉन्टेचे वडील तावातावानं म्हणाले की त्या तिघींमुळे हंगाम गेला. मग कोच ड्युगन उभे राहिले.

“त्या तिघींमुळे नाही, माझ्यामुळे,” ते म्हणाले. “मी त्यांना पहिल्या शनिवारपासून खेळवलं असतं तर आज आपण जिंकलो असतो. हरायची भीती मला होती, त्यांना बसवून ठेवलं मी. पुढच्या वर्षी प्रत्येक पोरगी प्रत्येक सामन्यात निम्मा वेळ तरी खेळेल. ज्याला पटत नाही त्यानं दुसरा कोच शोधावा.”

दुसरा कोच शोधायला कुणी उठलं नाही. टाळ्याही फारशा पडल्या नाहीत. ब्रॉन्टेचे वडील गाडीत जाऊन बसले. ब्रॉन्टे मात्र थोडा वेळ घुटमळली, मग एल्कीजवळ येऊन बसली आणि उंच चेंडूखाली पाय कसे ठेवायचे ते न विचारताच दाखवायला लागली.

वाचकहो, हे काही मुंगारीतच घडतं असं नाही. तुमच्या शाळेच्या नाटकात, कार्यालयात, स्वयंपाकघरातसुद्धा एखादं माणूस असं बाकावर बसलेलं असेल. ‘अजून तयार नाही’ म्हणून आपण त्याला बसवून ठेवतो, आणि एक दिवस सगळ्यात अवघड जागी उभं करून म्हणतो, बघ, नव्हतंच जमत. एकदाच दिलेली, चुकायची मुभा नसलेली संधी ही संधी नसते. नव्यांना वेळ द्यावा लागतो, आणि तो देताना आपलं थोडं नुकसान सोसावं लागतं. ते सोसायची आपली तयारी नसेल, तर भित्रे ते नव्हेत, आपण आहोत.

रविवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर आईनं नेटबॉलच्या नावांचा कागद समोर ओढला आणि पेन हातात घेऊन एल्कीकडे बघितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. एल्कीच्या खांद्यावर दांडग्या पोरीच्या कोपराचा निळा डाग होता.

“आई, माझं नाव नको लिहूस,” ती म्हणाली. “बाबा, तुम्हीही ऐका. मी फुटबॉलच खेळणार आहे, आणि फुलबॅकच मागणार आहे. भीती अजून गेलेली नाही. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सरावाचीसुद्धा आत्तापासून वाटतेय. पण ती घरी बसून जाणार नाही, म्हणून मी जाणार.”