झापाआडचा हीट पंप

‘ह्याला कधी कोंडू नका हां, वहिनी. चारी बाजूंनी वारा पायजे. नाक दाबलं की माणसाचं जे होतं, तेच ह्याचं होणार.’

सांडोरच्या जॉनभाऊंचे हे शब्द मला अजून ऐकू येतात. मला नव्या घराच्या मागच्या ओट्यावर बसवून झाल्यावर, हात पुसत पुसत, त्यांनी ते विनयावहिनींना सांगितले होते.

मित्रांनो, मी एक जुना हीट पंप आहे. खरे तर माझ्या वयाचे फ्रिज अजून स्वतःला नवे म्हणवून घेतात. पण वसईच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला वय लवकर चढते. माझे खिळे गंजले आहेत, अंगावरचा पांढरा रंग पिवळा पडला आहे. तरी मी अजून पाणी तापवतो. आगीशी मात्र माझे काही नाते नाही. हवेत ऊब असते. ती दिसत नाही, पण असते. विहिरीतून पाणी उपसावे तशी मी हवेतली ऊब उपसतो, पाण्याला देतो, आणि गार झालेली हवा बाहेर सोडून देतो. म्हणून थोड्याशा विजेवर माझे पुष्कळ काम होते.

एका कारखान्यात मी तयार झालो. तिथले फारसे काही मला आठवत नाही. तांब्याच्या नळ्या वाकवल्याचे आणि पंखा पहिल्यांदा फिरल्याचे तेवढे आठवते. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते गिरीजला, केळी आणि सोनचाफ्याच्या वाडीत. दोन हजार पाच साली सदानंदभाऊंनी तिथे नवे घर बांधले. भिंतींना अजून चुन्याचा वास होता.

मला आणण्याचे कारण एकच होते. सदानंदभाऊंच्या आई धोंडूबाई दर कार्तिकात, कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, उजाडण्याआधी न्हाऊन देवळात काकडआरतीला जात. नवरी होऊन आल्या तेव्हापासूनचा त्यांचा हा नेम होता. पण आता सांधे धरले होते, गार पाणी सोसेना. आणि तांब्याचा बंब पेटवावा, तर करवंट्यांच्या धुराने दमा उसळे. गिझर लावायचा म्हटले तर गावात विजेचा दाब इतका कमी, की दिवे डोळे मिटू लागत. जॉनभाऊ पूर्वी जहाजावर शीतघराची यंत्रे सांभाळत. त्यांनी माझे नाव सुचवले.

धोंडूबाई पहिल्या दिवशी काठी टेकत आल्या. एक हात माझ्या गार वाऱ्यासमोर धरला, दुसरा नळाखाली.

‘अगो, हा बाहेर गार नि आत गरम! तुझे सासरे अस्सेच होते.’

त्यांच्या सूनबाई, विनयावहिनी, पदर तोंडाला लावून हसल्या. त्या मुळात हळू बोलणाऱ्या, आणि हसणेही तसेच, आवाज न होणारे.

तो पहिला कार्तिक माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ. पहाटे धोंडूबाईंच्या बादलीतून वाफ निघे आणि त्या आतून ओरडत, ‘विनया, पानी कसं देवासारखं आलंय बघ!’ हवेतला ओलावा माझ्या नळ्यांवर जमून थेंब थेंब गळे. त्याखाली त्यांनी तुळशीची कुंडी सरकवली. वहिनींनी त्याहून मोठी युक्ती काढली. चाफ्याची फुले केळीच्या पानात बांधून त्या माझ्या गार वाऱ्यापुढे ठेवू लागल्या. दादरच्या बाजारात जाईपर्यंत फुले ताजी राहत. शेजारपाजारचे लोक मला पाहायला येत, आणि सदानंदभाऊ माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, ‘हा आपला कमावता मुलगा.’

मित्रांनो, माझा घात वैऱ्याने केला नाही. मायेने केला.

आमच्या भागात मृग लागण्याआधी जे मोलाचे ते झाकतात. नारळाच्या झावळ्या विणून त्यांचे झाप करतात आणि पश्चिमेच्या भिंतींना बांधतात, म्हणजे झोडपणारा पाऊस आत येत नाही. पुढच्या वर्षी सदानंदभाऊंनी घराआधी मलाच झाकले. आधी निळी ताडपत्री, वर दुहेरी झाप, भोवती काथ्याची घट्ट गाठ.

विनयावहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. ‘अहो, जॉनभाऊ म्हणाले होते, त्याला वारा लागतो.’

‘पाऊस त्याला खाऊन टाकेल. गंजला तर रडायचं कोणी? पावसापुरतंच गं. दसऱ्याला सोडू.’

‘बरं,’ वहिनी म्हणाल्या. आणि उपासाची भाजणी भाजायला आत गेल्या.

झापाआड मी गुदमरू लागलो. माझीच गार हवा फिरून माझ्याच नाकात येई. ऊब उपसायची तर विहिरीत पाणी हवे ना? माझी विहीर आटली होती. नळ्यांवर बर्फ धरे, पंखा कण्हे. पाणी कोमट, मग नुसते गार. पावसाळ्याचे दिवस, कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

दसरा आला. सदानंदभाऊ कोयता घेऊन आलेही. पण तोवर झापावर घेवड्याचा वेल चढला होता. कोणी लावला नव्हता, आपणहून उगवला होता. जांभळ्या फुलांनी आणि कोवळ्या शेंगांनी लगडला होता.

‘खबरदार,’ धोंडूबाईंनी काठी आपटली. ‘फळता वेल कापतात का कुठे? घराची बरकत जाते. राहू दे शेंगा होईपर्यंत.’

त्यांच्याच हितासाठी मी झापाबाहेर यायला हवे होते, आणि त्यांनीच मला आत ठेवले. मला तोंड असते तर! मी फक्त घरघरलो. ते ऐकून सदानंदभाऊ म्हणाले, ‘बघा, खोकायला लागला. गेला हा. नव्या वस्तूंचं सगळं असंच, वर्षभर नवलाई.’

कोजागिरीला माळ्यावरचा बंब खाली आला.

रोज पहाटे धूर अंगणात पसरे. धोंडूबाईंचा खोकला मला झापाआडून ऐकू येई. मित्रांनो, तो मोजण्याचे धैर्य मला झाले नाही. दिवाळी झाली, आणि एका पहाटे त्या बंबाशीच बसल्या त्या उठल्या नाहीत. श्वास लागला होता. डॉक्टरांनी पहाटेचे न्हाणे बंद केले. इतक्या वर्षांचा नेम मध्येच तुटला.

दुपारी वहिनी त्यांना घेऊन मागच्या पडवीत उन्हाला बसल्या. माझ्यापासून दोन हातांवर.

‘आई, यंत्र बिघडलेलं नाही. कोंडलंय. जॉनभाऊ मला सांगून गेले होते.’

धोंडूबाईंनी वेलावरून नजर वळवून सुनेकडे पाहिले. ‘मग बोलली का नाहीस?’

‘बोलले होते.’ वहिनींचा आवाज आणखी खाली गेला. ‘हळू बोलले.’

‘देवाशी हळू बोललेलं चालतं, बाय. त्याला ऐकू येतं. घरात जोरात बोलावं लागतं.’ मग त्यांनी सुनेचा हात धरला. ‘मीही त्या शेंगांच्या मोहात पडले. माझा कार्तिक अर्धा राहिला. तू पुरा करशील?’

‘करीन.’

त्यानंतरचा कार्तिक धोंडूबाईंनी पाहिला नाही. फाल्गुनात त्या गेल्या. पहिले वर्ष दुखवट्याचे म्हणून घरात नवा नेम कोणी धरला नाही. माझ्याकडे कोणी फिरकले नाही. सदानंदभाऊ तर मागच्या अंगणात यायचेच टाळत. झाप कुजून काळे झाले, वेल वाळला आणि पडलेल्या बियांतून पुन्हा उगवला. उंदरांनी माझ्या पोटाशी घर केले. माझ्या थेंबांवर जगणारी तुळस कधीच वाळली होती.

मला अडगळीचे दुःख नाही. दुःख आहे ते हे, की ज्या एका माणसासाठी मला आणले, तिला मी एकच कार्तिक ऊन पाणी दिले. झापाबाहेर वारा वाहत होता, माझ्यात बळ होते, आणि ती दोन हातांवर धुरात खोकत होती.

दुखवट्याचे वर्ष सरले. यंदाच्या नवरात्रात घेवडा पुन्हा फुलला. एके सकाळी विनयावहिनींनी माझ्याशेजारी बांबूचा छोटा मांडव उभारला आणि एकेक तणावा सोडवत सारा वेल त्यावर नेला. एक शेंग तुटली नाही. मग त्या घराकडे वळून अशा मोठ्याने बोलल्या की केळीवरचे कावळे उडाले.

‘अहो, कोयता आणा! आणि जॉनभाऊंना बोलवा!’

सदानंदभाऊ कोयता घेऊन आले. त्यांनी स्वतःच काथ्या कापला. झाप खाली पडले तेव्हा ते माझ्या गंजलेल्या अंगाकडे पाहत म्हणाले, ‘मी जपायला गेलो होतो गं.’

‘ठाऊक आहे,’ वहिनी म्हणाल्या. पुन्हा हळूच.

जॉनभाऊंनी मला धुतले, उंदरांचे घर काढले, पंखा बदलला. म्हणाले, ‘म्हातारा झालाय, पण श्वास आहे.’

मित्रांनो, झाकणे म्हणजे जपणे नव्हे. तुमच्या घरातले यंत्र असो, झाड असो, की हळू बोलणारे माणूस असो, त्याला वारा लागू द्या. ते कण्हू लागले तर गेले म्हणून सोडू नका. त्याचे नाक कोण दाबते आहे ते आधी पाहा. आणि वेळेत पाहा. मला उशिरा का होईना वारा मिळाला, धोंडूबाईंना मिळाला नाही.

काल कोजागिरी झाली. आज उजाडण्याआधी वहिनींनी नळ सोडला. पाणी वाफाळत आले. पहिला तांब्या त्यांनी माझ्याखाली नव्याने लावलेल्या तुळशीपाशी निववत ठेवला आणि मग स्वतः न्हाल्या. धोंडूबाईंची जुनी शाल खांद्यावर घेतली. निरांजन पदराआड धरले.

‘विजेरी देऊ का?’ सदानंदभाऊंनी दारातून विचारले.

‘नको. चांदणं आहे.’

फाटकाची कडी वाजली नाही इतक्या हलक्या हाताने त्यांनी ती काढली, आणि देवळाच्या वाटेला लागल्या.