मुंबईची फुल लोड टेस्ट

भोपाळच्या पिपलानीतल्या क्वार्टरांमध्ये आजही शपथेवर सांगतात, की कारखान्यात मशीन अडलं आणि शंकर ड्रायव्हरची जीप सुटली, तर एक खेप सोडता ती रिकामी परत आलेली कुणी पाहिली नाही. एका फिटरला त्याने अंगावरच्या साबणासकट न्हाणीघरातून उचललं. एका इंजिनिअरला तर सप्तपदीतून नेलं. चौथं पाऊल अशोका गार्डनच्या मांडवात पडलं, पाचवं थेट कारखान्याच्या दारात, आणि उरलेली दोन नवरीने शालूचा ओचा सावरत तिथेच येऊन उरकली.

या जीपचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे गोपीनाथ सबनीस, ट्रान्सफॉर्मरच्या चाचणी विभागातला. ट्रान्सफॉर्मर नुसता गुरगुरला, तरी त्याचं पोट बिघडलंय की डोकं, हे गोपीनाथ लांबूनच सांगायचा. म्हणून त्याची रजा मंजूर व्हायची खुशाल, पण रजा लागायच्या आदल्या दिवशी जीप दारात हजर. दरवर्षी मुंबईचं ठरायचं आणि दरवर्षी बांधलेला होल्डॉल पुन्हा सुटायचा.

त्याची बायको वंदना उज्जैनची. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता.

"तुमच्या भोपाळच्या तळ्याला समुद्र म्हणत इतकी वर्षं काढली," यंदा तिने लाटणं उगारूनच सांगितलं. "आता बस्स! या खेपेला रद्द झालं, तर मी एकटी जाईन दादरला, माझ्या कांचनताईकडे. समुद्राचा कंटाळा आला की परत येईन. तोवर तुम्ही आणि तो ट्रान्सफॉर्मर, मिळून पोळ्या लाटा."

गोपीनाथ हसला, पण मनातून टरकला. वंदनाला कंटाळा म्हणून कशाचा येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घाबरला की तो चाचणी घ्यायचा. कारखान्यातून टाचणीसुद्धा तपासल्याशिवाय बाहेर जात नसे. आधी नो लोड, म्हणजे मशीन रिकामं चालवून बघायचं. मग फुल लोड, सगळा भार घालून. मुंबईची सहल बिघडू द्यायची नाही, तर तिलाही हाच नियम, असं त्याने जाहीर केलं.

"पप्पा, एस्सेलवर्ल्डला पूरा दिवस पाहिजे हां," लेक सिंधूने बजावलं. "सगळे झूले. एकपण छोडायचा नाही."

"आधी चक्कर येते का ते बघू," गोपीनाथ म्हणाला, आणि नो लोड चाचणीसाठी सगळ्यांना उपाशीपोटी सेक्टरच्या बागेतल्या चकरीवर बसवलं. सिंधू पाचव्या फेरीला पांढरीफटक पडली. त्याची आई कमलिनीबाई मात्र डोक्यावरचा पदर दातांत धरून अशी फिरली, की अवधपुरीपर्यंत वारा सुटला आणि लोकांची वाळत घातलेली धुणी तासाभरात कडक झाली. "अजून जोरात फिरव रे," ती ओरडत होती. "एवढ्यासाठी मुंबईला कशाला जायचं?"

मग फुल लोड ठरली. रजा सोमवारपासून, गाडी सोमवारची, म्हणून चाचणी रविवारी. सामानासकट हबीबगंज स्टेशन गाठायचं, मुंबईची पंजाब मेल आली की चढायचं, बॅगा बाकाखाली सरकतात का बघायचं आणि गाडी सुटायच्या आत उतरायचं.

"बॅगांत विटा भरू," गोपीनाथ म्हणाला. "वजनाशी मतलब."

"विटा कशाला? खरेच कपडे भरते. लाडू, चिवडाही घेते. चाचणी कशी, चोख हवी," वंदना म्हणाली.

आपली बायको इतक्या वर्षांनी का होईना कारखान्याच्या शिस्तीला आली, या आनंदात गोपीनाथला पुढचं काही सुचलं नाही. फलाटाची तिकिटं काढायचं कामही त्याने तिच्यावरच सोपवलं.

रविवारी चाचणी दृष्ट लागण्यासारखी झाली. टेंपो वेळेवर आला. गाडी आली. बॅगा बाकाखाली गेल्या, कमलिनीबाई खिडकीशी बसली आणि सिंधूने चिवड्याचा डबा उघडलासुद्धा.

"पास!" गोपीनाथने टाळी वाजवली. "चला, उतरा."

तेवढ्यात फलाटावरून हाळी आली. "सबनीस साब! ओ सबनीस साब!"

शंकर! घराला कुलूप पाहून त्याने शेजारच्या सरोजताईंना विचारलं होतं आणि जीप थेट स्टेशनावर घातली होती. "साब, मशीन अड गई. बड़े साब ने बुलाया है, अभी के अभी!"

गोपीनाथचे पाय आपोआप दाराकडे वळले. सवयच तशी. आणि मग त्याने वंदनाकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. खिडकीबाहेर बघत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आज रविवार आहे," ती हळूच म्हणाली. "तुमची सुट्टी. उद्यापासून रजा. आता उतरलात तर स्वतःहून उतरलात, जीपने नाही नेलं."

"अगं, पण आपली गाडी उद्याची..."

"रिझर्वेशनच्या रांगेत कोण उभं होतं? ही आजचीच. जागा याच. ताईला फोनही केलाय. जीप आदल्या दिवशी येते, मग आदल्या दिवशीच निघायला नको?"

गाडीने हिसका दिला. गोपीनाथने दाराच्या दांडीवरचा आपला हात काढून घेतला आणि तो वंदनाशेजारी येऊन बसला.

"शंकर!" त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं. "बड़े साब को बोलना, मैं टेस्ट में हूँ!"

शंकर थोडा वेळ धावला. कमलिनीबाईने त्याच्या हातात एक लाडू कोंबला आणि तो थांबला. जीप रिकामी परतली. म्हणून तर तिची गोष्ट झाली. ट्रान्सफॉर्मरचं म्हणाल, तर सबनीस गावात नाही हे कळताच तो मुकाट्याने चालू झाला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दादरच्या वाळूवर गोपीनाथ पँटचे पाय दुमडत म्हणाला, "हे बघ वंदना, आधी फक्त घोट्यापर्यंत..."

वंदना नऊवार नसतानाही कासोटा मारून कमरेपर्यंत पाण्यात पोचली होती.