पागेतलं व्याकरण

संस्थान विलीन झालं, पागा मोडली, आणि तिथले कारकून असलेले माझे वडील, अप्पा, मध्यभारत सरकारच्या कचेरीत येऊन पडले. कचेरीत हुकूम निघाला: जुन्या लोकांनी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची, नापास होईल त्याने घरी बसायचं. पन्नाशीच्या माणसाला घरी बसवून सरकारला काय मिळणार होतं, ते सरकारच जाणे.

मी मॅट्रिकला होते, म्हणून मास्तरीण मीच. अप्पांचं घोडं अडलं विशेषण आणि क्रियाविशेषणापाशी. पुस्तकातली फुलं आणि राजकन्या त्यांच्या डोक्यावरून जायच्या. शेवटी मी पागेतला घोडाच आणला. घोडा कसा आहे? स्लो. हे विशेषण, घोड्याबद्दल सांगणारं. पळतो कसा? स्लोली. हे क्रियाविशेषण, पळण्याबद्दल सांगणारं.

अप्पांचा चेहरा खुलला. "म्हणजे एक जनावराचा गुण, दुसरा चालीचा. पहले बोलायचं ना बेटा."

त्यानंतर ते एकदाही चुकले नाहीत. मी साऱ्या जुनी इंदूर मोहल्ल्यात मिरवून घेतलं.

परीक्षेला ते पगडी घालून गेले. दुपारी परतले तेव्हा पगडी काखेत होती.

"काय विचारलं?"

"तेच, घोड्याचंच वाक्य. मी सांगितलं, स्लोली क्रियाविशेषण. साहब म्हणाले, सोच लो अप्पासाहेब, ये तो विशेषण है ना?"

"मग?"

"मी म्हटलं, जी हुजूर."

माझं डोकंच फिरलं. "ते तुम्हाला पारखत होते, अप्पा. येत होतं ना तुम्हाला? मग नाही म्हणायला काय झालं?"

"अगं, साहबला तोंडावर ना कसं म्हणायचं?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. हुजूर भर दुपारी रात्र झाली म्हणाले तर कंदील आणायचा, हीच पागेतली रीत. त्यांचा सगळा जन्म त्यात गेला होता. मला रडू आलं, जास्त करून रागाचं. व्याकरण मी शिकवू शकले. हे शिकवणं माझ्या हातात नव्हतं, आणि आता उशीरही झाला होता.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "अहो, साहेब परत बोलावतील. बघाल तुम्ही."

परीक्षा एकदाच होती. अप्पांना ते आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"हो," ते म्हणाले. "बोलावतील."