बंद खोलीतली गार हवा

माणसाच्या सगळ्या सुखदुःखाचं मूळ एकाच नियमात आहे: तापली की हवा विरळ होऊन वर जाते आणि गार झाली की दाट होऊन खाली बसते. मास्तरांनी हा नियम एकतीस वर्षं शिकवला. निवृत्त झाल्यावर ते दोन जोड मोजे घालून त्याच नियमाच्या खालच्या टोकाला राहू लागले.

बाहेरच्या खोलीत हीटर दिवसभर घुरघुरायचा. डोकं तापायचं, पावलांचा मात्र बर्फ. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मेकॅनिकला बोलवा. तेवढंच घरात कुणीतरी बोलेल."

मेकॅनिक आला, पण त्याने हीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पातळ कागदाच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेका फटीशी धरत घरभर हिंडला. शेवटी आतल्या बंद दारापाशी उकिडवा बसला.

"ही खोली कुणाची?"

"बायकोची."

"झोपल्यात का?"

"वारली. दोन वर्षं झाली."

मेकॅनिकने मिनिटभर मान खाली घातली. मान खाली होतीच, म्हणून तेवढ्यात फटही पाहून घेतली.

"काका, वरची पट्टी आत ओढली जातेय, खालची बाहेर फडफडतेय. तुमची गरम हवा वरून आत जाते, गारठते, जड होते आणि खालून..."

"मला शिकवू नका. जन्मभर तेच शिकवलंय."

"मग दोन वर्षं करत काय होतात?"

मास्तरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"बरं, उपाय दोन," मेकॅनिक म्हणाला. "फटीला रबर मारतो, विषय संपला. नाहीतर दार उघडून आतही हीटर लावा."

त्याने पिशवीतून रबराची गुंडाळी काढली, तसे मास्तर दार अडवून उभे राहिले.

"रबर नको."

"मग उघडू?"

"तेही नको. संध्याकाळी मी इथे खुर्ची ओढून बसतो. त्या खोलीतून आता एवढंच काय ते येतं."

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "रागावू नका काका, पण ती तुमच्याच हीटरची हवा आहे. आत जाऊन परत येते, एवढंच."

हेही मास्तरांना ठाऊक होतं. फक्त आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच कडी काढली. दार उघडताच गारवा पायांवर लोटला, घोट्यांवरून मागे पसरत गेला. ते एक पाऊल मागे सरले आणि तिथेच खिळले. आत पलंग होता, घडी घातलेली शाल होती, चष्म्याचं घर होतं. आणखी काहीही नव्हतं. त्यांच्या डोक्यावरून उबदार हवा मुकाट आत चालली होती.

"काका," मेकॅनिक हळूच म्हणाला.

"बोला."

"पाय काढा जरा. माझ्या बोटांवर उभे आहात."