चार बोटं कमी

सुताराच्या घराचं दार चाकाच्या खुर्चीला चार बोटं कमी पडत होतं. बायकोचे पाय गेल्याला सात महिने झाले होते, आणि सात महिने ती खिडकीतून गल्ली बघत बसली होती. गल्लीत प्रवासी यायचे, दाराचा फोटो काढायचे, जाता जाता तिचाही काढायचे.

गाव संरक्षित. साधा खिळा ठोकायचा तरी वारसा समितीची परवानगी, आणि हे दार तर समितीच्या यादीत पहिल्याच पानावर, दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणून. खरं तर ते सुतारानेच केलं होतं, लग्नानंतर, नवं कपाट आत जाईना म्हणून. जुन्या दाराची नक्षी त्याने अशी हुबेहूब उतरवली, चहाच्या पाण्याने लाकूड असं काळवंडवलं, की पाहणीला आलेल्या समितीच्या बाई फसल्या. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि सुताराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही. आता भोगा.

शेवटी लाज गिळून तो समितीच्या कचेरीत गेला. दार माझ्या हातचं आहे, जुनं नाही, तेव्हा मला ते रुंद करू द्या, म्हणाला. बाई हसल्या. असं काम हल्ली कुणाला जमतं, म्हणाल्या. एवढ्या विवंचनेतही त्याला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. मग त्याने बाईंना घरी आणलं आणि माळ्यावर ठेवलेलं जुनं दार चौकटीसकट उतरवून पुढ्यात उभं केलं. बाईंनी टेप लावली, नक्षी ताडून पाहिली. त्यांना पटलं.

"मग हे खोटं दार काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे जुनंच परत बसवायचं."

जुनं दार याहून वीतभर अरुंद होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने दोन अर्ज केले, दोन्ही परत आले. वर जुन्या कामाचा परवाना गावात एकट्या त्याच्याकडे, म्हणजे बायकोला कोंडायचं तेही आपल्याच हाताने.

ठरल्या दिवशी बाई देखरेखीला आल्या. सुताराने आपली चौकट उखडली. तीस वर्षं मिरवलेलं काम गल्लीत आडवं झालं आणि भिंतीत नुसतं भगदाड उरलं. ते चांगलं ऐसपैस होतं.

"अहो, मला जरा बाहेर घ्या," बायको आतून म्हणाली.

त्याने खुर्ची ढकलली. कुठे घासलीसुद्धा नाही. ती गल्लीच्या मधोमध डोळे मिटून ऊन खात बसली. बसू दे म्हणून तोही थांबला. बाई घड्याळ बघू लागल्या तेव्हा त्याने अरुंद चौकट उचलली आणि तिला आत चल म्हणाला.

तिने खुर्चीचा ब्रेक ओढला.

"तुम्ही दार बसवा," ती म्हणाली. "मी आता आत येणार नाही."

काम संध्याकाळच्या आत संपलं पाहिजे, बाई म्हणाल्या. सुतार चौकट हातात धरून उभा राहिला. ती बसवली की आत आपण एकटेच उरणार, हे त्याला तेव्हा कळलं.